जांभ्याच्या पाण्यातली हिरवळ

गोव्यात ज्याला पहिल्यांदाच फिशटँकमध्ये जिवंत झाडे लावायची असतात, तो बहुधा मोबाईलवर व्हिडिओ पाहून सुरुवात करतो, आणि ते व्हिडिओ जर्मनी, इंग्लंड किंवा जपानमधल्या कुणाचे तरी असतात. त्यांत सांगितलेले चुकीचे नसते. पण सांगणाऱ्याच्या नळाला येणारे पाणी वेगळे, त्याच्या घरातली हवा वेगळी, आणि त्याने निवडलेली झाडेही त्या हवापाण्याला साजेशी. हिटर कोणता घ्यावा यावर तिथे दहा मिनिटे खर्ची पडतात, आणि मे महिन्यात फोंड्यात टाकीचे पाणी ३१ अंशांवर गेले तर काय करावे याविषयी चकार शब्द नसतो. म्हणून मी इथे झाडांपासून नव्हे, पाण्यापासून सुरुवात करतो. आपल्या पाण्याला मानवणारी झाडे निवडणे हे नवशिक्याचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे माझे ठाम मत आहे. झाडासाठी पाणी बदलण्याच्या नादी लागले की खर्च वाढत जातो आणि झाडे तरीही कुजतात.

गोव्याच्या मोठ्या भागात पायाखाली जांभा आहे. ज्या चिऱ्यांनी आपली घरे आणि कुंपणे बांधली, तोच हा दगड. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडकातले विरघळण्याजोगे जे जे असते, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि बरीचशी सिलिकासुद्धा, ते पाऊस युगानुयुगे धुवून नेतो आणि मागे प्रामुख्याने लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. तांबडा रंग त्या लोहाचा. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ही धुलाई आजही चालूच आहे. जो दगड स्वतःच कॅल्शियमला पारखा झाला आहे, त्याच्यातून झिरपून विहिरीत उतरणाऱ्या पाण्याला कॅल्शियम मिळणार कुठून? म्हणून जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मृदू आणि बहुतेक वेळा किंचित आम्लधर्मी असते. साबणाला त्यात चटकन फेस येतो हे घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फिशटँकवाल्याला तेच आकड्यांत मोजावे लागते, एवढाच फरक.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण गंमत मोठी आहे. या दगडाचे लॅटराईट असे नामकरण केले फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने. केरळातील अंगाडिपुरमच्या परिसरात पाहिलेल्या दगडाचे वर्णन त्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तान्तात केले आहे. पुढे हॅमिल्टन हे आडनाव घेतलेल्या याच गृहस्थाने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि आज जगभरच्या टाक्यांमध्ये दिसणारा पट्टेरी झेब्रा डॅनिओ व मधासारख्या रंगाचा हनी गुरामी या दोन्ही माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यातच आहे. आपल्या टाकीच्या तळाची माती आणि वर पोहणारे मासे अशा रीतीने एकाच माणसाच्या टिपणांतून विज्ञानात आले, आणि हे दोन्ही मासे आपल्या पाण्यात चांगले राहतात.

आता मोजमापाकडे वळू. आमच्या घरी विहीर आहे आणि नळही आहे. नळाचे पाणी खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून येते. बार्देशात ते अस्नोड्याहून येत असेल, दक्षिणेत साळावली धरणातून. हे सारे नदीचे, म्हणजे मुळात मृदूच पाणी. त्यात शुद्धीकरणासाठी घातलेला क्लोरीन मात्र असतो. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण त्यात दुसरी एक मेख आहे. जमिनीखालच्या पाण्यात मातीतल्या मुळांचा आणि जीवाणूंचा श्वास, म्हणजे कार्बन डायऑक्साईड, मोठ्या प्रमाणात विरघळलेला असतो, आणि त्यामुळे नुकत्याच काढलेल्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; सातच्या खाली पाणी आम्लधर्मी) तपासला तर तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तेच पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी तपासले की आकडा वर सरकलेला आढळतो. पीएच नेहमी असाच, मुरलेल्या पाण्याचा पाहावा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनासारखे यंत्र स्वस्त मिळते आणि ते जरूर घ्यावे. पण त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे थेंब टाकून जीएच आणि केएच मोजण्याच्या दोन बाटल्या. जीएच म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून होणारा जडपणा, आणि केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची, पर्यायाने आम्ल पचवण्याच्या ताकदीची मोजणी. रंग बदलायला जितके थेंब लागतात तितका तो आकडा. केएचच्या चाचणीत आमच्या विहिरीच्या पाण्याचा रंग पहिल्या थेंबातच बदलतो, म्हणजे केएच एकाच्या आत आहे. किनाऱ्याजवळ किंवा खाजनांच्या, म्हणजे खाडीलगत बांध घालून राखलेल्या जमिनींच्या, कडेला राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथल्या काही विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा उतरतो, आणि तसे पाणी या कामाला वापरू नये.

केएच इतका कमी असला तर काय बिघडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये आणि वाळूत वस्ती करणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते, आणि दर १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. मृदू पाण्यात ही शिल्लक मुळातच तुटपुंजी, त्यामुळे काही आठवड्यांत पीएच घसरत सहाच्या खाली येतो, आणि तिथे हे जीवाणू मंदावतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असते, झाडे मात्र खुरटतात आणि मासे कोपऱ्यात बसतात. दुकानात यावर उपाय म्हणून पीएच वाढवणारी बाटली देतात. ती घेऊ नये, कारण तिने आकडा एका दिवसात चढतो आणि पुन्हा उतरतो, आणि ही चढउतार घसरणीपेक्षाही वाईट असते.

गोव्यातल्या घरात यावरचा उपाय जेवणाच्या ताटातून येतो. तिसऱ्यांचे सुके किंवा तोंडाक केल्यावर उरलेली शिंपले उकळावीत, आतला मांसल भाग खरवडून काढावा, ब्रशने घासून ती कडक उन्हात चांगली वाळवावीत, आणि मूठभर शिंपले जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या प्रवाहात ठेवावीत. शिंपले म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लधर्मी होऊ लागले की ते अधिक विरघळते, आणि पाणी पुरेसे जड झाले की विरघळणे आपोआप मंदावते. म्हणजे मात्रेचा हिशेब आपल्याला ठेवावाच लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी केएच तीन-चारच्या घरात स्थिरावला की पुरे. शिंपले भाजून केलेला चुना मात्र याच कामाला चुकूनही वापरू नये. तो पाण्यात पडताच पीएच एकदम इतका चढवतो की मासे वाचत नाहीत.

झाडांची निवड या पाण्यावरून ठरते. फिशटँकचा इतिहास चाळला तर पहिले नाव व्हॅलिसनेरियाचे येते. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात गोल्डफिश, कुजलेली पाने खाणारी गोगलगाय आणि व्हॅलिसनेरिया एवढ्यांच्या जोरावर पाणी न बदलता टाकीचा तोल राखला होता. लंडनचे पाणी खडूच्या खडकातून येणारे, चांगलेच जड. आणि व्हॅलिसनेरियाला नेमके तेच मानवते, कारण पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साईड कमी असला तरी हे झाड बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेऊ शकते. आपल्या मृदू पाण्यात त्याला या कौशल्याचा उपयोगच नाही. लांब फितीसारखी ती पाने सुंदर दिसतात, म्हणून नवशिके तेच झाड आधी आणतात, आणि शिंपल्यांनी केएच वर येण्यापूर्वीच ते पारदर्शक होऊन विरघळू लागते. व्हॅलिसनेरिया लावावे, पण टाकी दोन-तीन महिन्यांची झाल्यावर.

सुरुवात करावी ती क्रिप्टोकोरिनपासून. दुकानात सहज मिळते ती श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन वेंडटाय. हिरवी, तपकिरी, तांबूस अशा छटांत येते, मृदू पाण्यात व कमी उजेडात राहते, आणि तिच्या मुळांना जे लागते ते आपल्या मातीत आहे. याच कुळातली क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस तर पश्चिम घाटाचीच. नवशिक्याला या झाडाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे. लावल्यावर आठवड्याभरात तिची बहुतेक पाने काचेसारखी होऊन गळून पडतात. झाड मेले असे समजून लोक ते उपटून फेकतात, वस्तुतः जमिनीखालचा गड्डा आणि मुळे शाबूत असतात, आणि तीन-चार आठवड्यांत नवी पाने वर येतात. नर्सरीत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात; ती पाने हवेसाठी बनलेली असतात, पाण्यासाठी नव्हे. म्हणून कुजलेली पाने चिमट्याने काढावीत, मुळांना हात लावू नये, आणि जागा तर अजिबात बदलू नये, कारण प्रत्येक स्थलांतराला ती पुन्हा तसाच रुसवा धरते.

जावा फर्न आणि अनुबियास ही दोन झाडे याहूनही सोपी, पण त्यांना मातीत पुरायचे नसते. दोघांचेही आडवे वाढणारे जाडसर खोड असते. ते वाळूखाली गेले की सडते. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधून ठेवावे, मुळे आपण होऊन चिकटतात. जावा फर्न आग्नेय आशियातले आणि अनुबियास पश्चिम आफ्रिकेतले. जावा फर्नच्या जुन्या पानांवर काळे ठिपके येतात आणि त्यांतून इवलीशी रोपे फुटतात. तो रोग नव्हे. अनुबियासचे एकेक पान यायला कित्येक आठवडे लागतात, आणि म्हणूनच त्याच्यावर उजेड जास्त पडला की पानापेक्षा शेवाळ वेगाने वाढते. त्याला इतर झाडांच्या सावलीतच जागा द्यावी.

ही सगळी झाडे संथ आहेत, आणि नुसती संथ झाडे असलेली नवी टाकी शेवाळाच्या हाती जाते. सुरुवातीच्या महिन्यांत पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट भराभर ओढून घेणारे कुणीतरी हवे. वॉटर स्प्राईट हे तरंगत ठेवता येणारे नेचे, मुळे नसलेले हॉर्नवर्ट आणि भारतीय मूळ असलेले हायग्रोफिला पॉलिस्पर्मा या तिघांपैकी कोणतेही दोन पहिल्याच दिवशी भरपूर घालावेत. दोन काड्या आणून त्या वाढण्याची वाट पाहणे बरोबर नव्हे. निम्मी टाकी पहिल्या दिवशी हिरवी असली पाहिजे. ब्राह्मीसुद्धा या कामाला येते. समोरासमोर जोडीने येणारी, लहान, मांसल पाने असलेली आणि ओल्या शेतांच्या कडेला पसरणारी ती ब्राह्मी. गोल, दातेरी कडांच्या पानांची मंडूकपर्णी टाकीत आणून उपयोग नाही. ब्राह्मी पाण्याखाली सरळ उभी वाढते, थोडा जास्त उजेड मागते, आणि शेंडा कापून वाळूत खोचला की दुसरे झाड तयार होते. शेताच्या बांधावरून आणली असेल तर तिच्यावर खताचा किंवा औषधाचा अंश असू शकतो, आणि चतुराच्या अळ्या हमखास येतात. या अळ्या माशांची पिल्ले फस्त करतात, म्हणून तुरटीच्या पाण्यात काही तास ठेवून, नीट निरखून मगच ती टाकीत घालावी. अभयारण्यातून किंवा पठारावरच्या तळ्यांतून काहीही उपटून आणू नये, हे वेगळे सांगायला नको.

दुकानातल्या खरेदीविषयी एक सावधगिरी. लकी बांबू, सिंगोनियम, पीस लिली आणि पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची काही शोभेची झाडे फिशटँकची म्हणून सर्रास विकली जातात. ती जमिनीवरची झाडे आहेत. पूर्ण बुडवल्यावर महिना-दोन महिने तग धरतात आणि मग बुंध्यापासून सडून पाणी नासवतात. म्हापशाच्या एका दुकानात मी असेच एक झाड हातात घेऊन पाहत होतो, तेव्हा मालक दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेला पाहून तिथला पोरगा हळूच म्हणाला, "बाब, हें उदकांत चड दीस उरचें ना." म्हणजे हे पाण्यात फार दिवस टिकणार नाही. असा पोरगा सगळीकडे भेटत नाही, म्हणून साधी खूण लक्षात ठेवावी की पाण्यातून बाहेर काढल्यावर जे झाड ताठ उभे राहते, त्याच्याविषयी संशय घ्यावा. अपवाद आहेत, अनुबियास हा त्यांतलाच, पण संशय घेऊन नुकसान होत नाही.

मातीविषयी. १९८०च्या दशकात जर्मनीतले छंदिष्ट टाकीच्या तळाशी घालण्यासाठी लॅटराईटची भुकटी पैसे मोजून विकत घेत. आपल्याकडे ती अंगणात पडलेली असते. तिच्यात लोह भरपूर असते. उघड्या पाण्यात ते न विरघळणाऱ्या स्वरूपात राहते, पण वाळूखाली प्राणवायू कमी असलेल्या थरात ते विरघळणाऱ्या रूपात बदलते आणि मुळांना मिळते. म्हणून चिऱ्याचा चुरा बारीक चाळून, पाणी गढूळ होणे थांबेपर्यंत धुवून, त्याचा बोटभर थर तळाशी द्यावा आणि त्यावर दोन इंच नदीच्या जाडसर वाळूचा थर घालावा. लोहाव्यतिरिक्त त्या चुऱ्यात झाडाला उपयोगी असे फारसे काही नसते, कारण बाकीचे पावसाने नेलेले असते. त्यामुळे क्रिप्टोकोरिनच्या मुळाशी दर दोन-तीन महिन्यांनी फिशटँकसाठी मिळणारी खताची गोळी खोचावी लागते. शेणखत किंवा कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) कसदार माती घालण्याचा मोह टाळावा, तिच्यातून सुटणारा अमोनिया नवशिक्याला आवरत नाही. समुद्रकिनाऱ्यावरची वाळूही नको: तिच्यात मीठ असते, आणि शिंपल्यांचा इतका चुरा असतो की तो वेगळा काढता येत नाही. पिशवीतली शिंपले केएच जास्त झाला की उचलून बाजूला ठेवता येतात. तळभर पसरलेली वाळू कशी उचलणार?

उजेडाबाबत थोडक्यात सांगतो, कारण इथे लोक गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू व वरची रिकामी जागा वजा जाता ४५ लिटर धरावे. वर सांगितलेल्या झाडांना लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (हे उजेडाचे माप, बल्बच्या खोक्यावर लिहिलेले असते) उजेड पुरतो, आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातला ६५०० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढा उजेड देतो. तो टायमरवर रोज सात तास चालवावा. टाकी खिडकीजवळ ठेवू नये. आपल्याकडचे कोवळे ऊनसुद्धा पाणी हिरवे करायला पुरते. पहिल्या महिन्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो. तो डायॅटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, बोटाने पुसला जातो आणि बहुधा आपोआप जातो. हिरवे धागे दिसू लागले तर औषध आणण्याऐवजी उजेड एक तासाने कमी करावा.

कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर नवशिक्याने घेऊ नये. हवेशी तोल साधलेल्या पाण्यात हा वायू लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि सिलिंडरवाले तो ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. जपानचे ताकाशी अमानो यांनी अशाच भरपूर उजेडाच्या आणि वायूच्या बळावर पाण्याखाली डोंगरदऱ्या आणि कुरणे उभी केली आणि साऱ्या जगाला या छंदाचे वेड लावले. पण त्या वाटेवर वायू, उजेड आणि खत या तिन्हींचा मेळ रोज साधावा लागतो. विहीर असणाऱ्यांना एक छोटी देणगी मात्र फुकट मिळते. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना ताजे, नुकतेच काढलेले पाणी हळूहळू घातले, तर त्यातला कार्बन डायऑक्साईड झाडे आनंदाने घेतात, आणि तासाभरात पानांवर प्राणवायूचे बारीक बुडबुडे दिसू लागतात. नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीची आठवण व्हावी इतपत, फक्त इथे बुडबुडे कुठून येतात हे आपल्याला ठाऊक असते. पाणी पावापेक्षा जास्त बदलायचे असेल तर मात्र ते मुरवूनच घालावे, नाहीतर माशांना त्या वायूचा त्रास होतो. नळाचे पाणी असेल तर ते उघड्या पिंपात एक दिवस ठेवावे किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे विरघळवून क्लोरीन घालवावा. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी येते तेव्हा आमच्या नळाला क्लोरीनचा वास जास्त जाणवतो, आणि त्या दिवसांत मी दोन्ही करतो.

उष्णतेचा प्रश्न खरा कठीण आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५, आणि नेमक्या याच काळात मासे, झाडे आणि जीवाणू सगळ्यांचाच श्वास वाढलेला असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा घालणारा छोटा पंखा हा प्रचलित उपाय, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तो पाणी दोन-तीन अंशांनी थंड करतोही. पण तेव्हा त्याची गरज नसते. मे महिन्यात हवेतच इतका दमटपणा असतो की बाष्पीभवन मंदावते आणि पंख्याचा परिणाम निम्म्यावर येतो. तरीही तो लावावा, टाकीवरचे झाकण काढून जाळी टाकावी, दिवा दिवसाऐवजी संध्याकाळनंतर लावावा आणि मासे मुळातच कमी ठेवावेत. पंख्यामुळे उडून गेलेले पाणी भरताना त्या जागी शिंपल्यांचे जड पाणी न घालता साधे विहिरीचे पाणी घालावे, कारण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतात. क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास ३० अंश सोसतात; जावा फर्नची पाने काळवंडू लागतात आणि लाकडा-दगडावर पसरणाऱ्या मॉसचे तर काही खरे नसते. मॉस पावसाळा लागल्यावर आणावे.

मासे सर्वांत शेवटी. टाकी लावल्यावर फिल्टर चालू ठेवून झाडांना किमान चार ते सहा आठवडे द्यावेत, आणि अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागल्यावरच मासे सोडावेत. आपल्या उष्ण हवेत जीवाणू लवकर वाढतात, पण मृदू पाणी त्यांना मागे खेचते, त्यामुळे शिंपले पहिल्या दिवसापासून हवीत. पहिला मासा म्हणून सगळे गप्पी सुचवतात. गप्पी आणि मॉली हे जड पाण्याचे मासे आहेत आणि जांभ्याच्या पाण्यात पिढीगणिक रोडावतात. आमच्या टाकीत सात-आठ झेब्रा डॅनिओ आणि हनी गुरामीची एक जोडी आहे. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, आणि हा गुण गोव्यात फार मोलाचा आहे, कारण जून-जुलैत एखादे झाड तारांवर पडले की रात्र-रात्र वीज नसते.

वीज गेल्यावर फिल्टर बंद पडतो, आणि रात्री झाडेही प्राणवायू सोडत नाहीत, उलट घेतात; भरगच्च हिरव्या टाकीला हा धोका जास्त. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप पावसाळ्याआधी घेऊन ठेवावा आणि बॅटऱ्या बदलून ठेवाव्यात. फिल्टर पाच-सहा तासांहून जास्त बंद राहिला तर वीज आल्यावर तो तसाच चालू करू नये, कारण आतल्या बंद पाण्यात जीवाणू गुदमरून ते नासलेले असू शकते. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्यावा आणि मग बटण दाबावे.

अंगणात देशी बदामाचे झाड असेल तर त्याची लाल होऊन आपणहून गळलेली पाने वाळवून ठेवावीत. परदेशात तीच पाने पाकिटांत घालून विकली जातात. एक-दोन पाने टाकीत टाकली की पाणी चहासारखे हलके तपकिरी होते, उजेड थोडा कमी होतो आणि गुरामी निर्धास्त होतात. शिंपल्यांमुळे पीएच आवरलेला असतो, त्यामुळे पानांच्या आम्लाची चिंता उरत नाही. लाकूड हवे असेल तर कांदळवनाकडे पाहू नये. पुरात वाहून आलेले, पूर्ण वाळलेले कठीण लाकूड उकळून वापरावे.

टाकी एकदा रुळली की वॉटर स्प्राईट आणि हायग्रोफिला दर पंधरवड्याला कापावीच लागतात, आणि कापलेल्या झाडांचे करायचे काय हा प्रश्न पडतो. ती ओहोळात किंवा तळ्यात सोडू नयेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच जगभर नेली गेली, ब्राझीलचे साल्विनिया मोलेस्टा हे तरंगते नेचे फिशटँकच्या आणि बागांच्या व्यापारातून पसरले, आणि दोन्हींनी भारतातली तळी गुदमरवली आहेत. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, गोव्यातले ते पहिलेच; अशा ठिकाणी कुणाच्या तरी टाकीतले चार तुकडे पोहोचायला एक जोराचा पाऊस पुरतो. जी झाडे कुणाला द्यायची नसतात ती मी पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवतो आणि माडाच्या आळ्यात टाकतो. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा ती बादलीत कोरडी झाकून ठेवून कुजवतो, कारण त्या दिवसांत आळ्यातले पाणी भरून वाहते आणि थेट ओहोळाला मिळते.